गोमंतकातील खाणहक्कांची दप्तरे : १९०६ पासून आजपर्यंत

देवस्थानाच्या स्मरणिकेत खाणींच्या कायद्यावरील लेखास स्थान कशासाठी, अशी शंका काही महाजन बंधुभगिनींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु थोडा विचार केला असता या दोन विषयांमधील नाते ध्यानात येईल. आपल्या पूर्वजांनी श्रींची मूर्ती पाठीशी बांधून नदीपार आणली व नव्या ठिकाणी देवालय उभारले. त्या देवालयाची पूजाअर्चा, नैवेद्य, उत्सव आणि सेवेकऱ्यांचे वेतन अखंड चालावे म्हणून कुळागरे, शेते, भाटे, डोंगर आणि पडीक जमिनी श्रींच्या नावे लावून दिल्या. ही मालमत्ता टिकली, ती जितकी भक्तीमुळे टिकली तितकीच कागदामुळेही टिकली. ज्या जमिनीची नोंद नीट झाली ती देवाची राहिली. जिची नोंद राहून गेली ती कधी कुणाची झाली हे सांगणे कठीण होऊन बसले. आणि ज्या तालुक्यांत आपली पुष्कळशी देवस्थाने नांदत आली आहेत, त्याच डिचोली, सत्तरी, सांगे व केपे या भागांच्या पोटात लोखंड व मँगनीज यांचे साठे आहेत. तेव्हा जमिनीच्या वरच्या हक्काची नोंद आणि जमिनीच्या पोटातील हक्काची नोंद, यांचा इतिहास महाजनांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

जमीन एकाची, भूगर्भ सरकारचा

आपल्या सर्वसामान्य समजुतीप्रमाणे जो जमिनीचा धनी तो तिच्यावरील आकाशाचा व तिच्याखालील पाताळाचाही धनी. पोर्तुगीज कायद्याने मात्र खनिजांच्या बाबतीत ही समजूत मान्य केली नव्हती. जमीन कुणाचीही असो, कोमुनिदादीची, देवस्थानाची, भाटकाराची अथवा सरकारची, तिच्या पोटातील धातूंवर अंतिम सत्ता राज्याची, असे तत्त्व त्या कायद्यात होते. सागरापलीकडील वसाहतींतील खाणींसाठी पोर्तुगालच्या सरकारने २० सप्टेंबर १९०६ रोजी एक हुकूम काढला आणि पुढील ऐंशी वर्षे गोमंतकातील खाणउद्योगाचा कायदेशीर पाया त्या हुकुमावरच उभा राहिला.

या तत्त्वाचा परिणाम असा की एकाच डोंगराला दोन धनी निर्माण झाले. वरच्या काजूच्या, फणसाच्या व गवताच्या उत्पन्नाचा धनी वेगळा आणि खालच्या दगडाचा वेगळा. त्यामुळे दप्तरेही दोन झाली. वरच्या जमिनीची नोंद कोन्सेर्व्हातोरीत, म्हणजे जमीन नोंदणी कचेरीत. आणि कर आकारणीसाठी तिचा क्रमांक मात्रीजीत. खालच्या खनिजाची नोंद खाणखात्याकडे. या दोन दप्तरांचा परस्परांशी मेळ असावा, अशी व्यवस्था पुढेही पुरती कधी झाली नाही. आजच्या अनेक तंट्यांचे मूळ तेथे आहे.

मानिफेश्त आणि कोंसेसांव

१९०६ च्या हुकुमाची रचना समजण्यास कठीण नाही. ज्याला एखाद्या डोंगरात धातू असल्याचे आढळून येई, त्याने त्याची लेखी वर्दी सरकारदरबारी द्यावयाची. या वर्दीला ‘मानिफेश्त’ म्हणत. वर्दी नोंदली गेली की त्या मनुष्याला तिचा दाखला मिळे आणि त्या जागेवर त्याचा अग्रहक्क स्थापन होई. दुसऱ्या कुणी मागाहून तीच जागा मागितली तर पहिल्याची नोंद श्रेष्ठ ठरे. पुढे जागेची मोजणी, नकाशा, हद्दीचे खांब व अन्य सोपस्कार पूर्ण झाले की सरकार ‘कोंसेसांव’ म्हणजे खाणीची सनद देई.

या सनदेचे वैशिष्ट्य मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व वादाचे बीज त्यात आहे. ही सनद दहा किंवा वीस वर्षांच्या मुदतीची नव्हती. सनदधारक कायद्यातील अटी पाळीत असेपर्यंत आणि सरकारचे कर भरीत असेपर्यंत ती अमर्याद काळासाठी चाले. ती बापाकडून मुलाकडे वारसाने जाई. सरकारच्या संमतीने तिचे हस्तांतरही होऊ शके. म्हणजे ती भाडेपट्टी नव्हती. व्यवहारात ती एक प्रकारची मालकीच होती.

आरंभीच्या काळात या सनदांना फारसे महत्त्व नव्हते. गोमंतकातील लोहखनिज धातूच्या प्रमाणाने मध्यम प्रतीचे. त्याला मोठा गिऱ्हाईक मिळाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः जपानच्या पोलाद कारखान्यांच्या रूपाने. मग मात्र चित्र झपाट्याने पालटले. पुष्कळशा सनदा १९५० च्या दशकातल्या आहेत. डोंगरामागून डोंगर मानिफेश्तांच्या वहीत चढू लागले. मांडवी आणि जुवारी या नद्या खनिजाच्या बार्जींनी भरून गेल्या व मुरगाव बंदराला नवे तेज चढले. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीपर्यंत अशा सातशेहून अधिक सनदा दिल्या गेल्या होत्या. एकेक सनद साधारणतः शंभर हेक्टरांच्या आतली. परंतु एकाच घराण्याने किंवा पेढीने अनेक सनदा मिळविल्याने लहानशा प्रदेशाचा मोठा हिस्सा थोड्या हातांत गेला.

प्रत्येक सनदेला क्रमांक असे. वर्षातील अनुक्रम आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन वर्षाचे शेवटचे दोन अंक, अशी ती पद्धत. ‘तीतुलु द कोंसेसांव’ या शब्दांची आद्याक्षरे घेऊन त्याला ‘टी. सी. क्रमांक’ असे नाव पडले. पोर्तुगीज गेले, कायदे बदलले, सनदेचा भाडेपट्टा झाला, तरी खाणींची ओळख सांगण्यासाठी हाच टी. सी. क्रमांक सरकारी टिपणांत आणि न्यायालयाच्या निकालपत्रांत वापरला जात आला. राजवट जाते, पण दप्तराचा क्रमांक राहतो, हे सत्य कारकुनी केलेल्या माणसाला कुणी वेगळे सांगावे लागत नाही.

मुक्तीनंतरचा सांधा

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक मुक्त झाला. नव्या प्रशासनासाठी संसदेने १९६२ मध्ये कायदा केला व त्यात असे ठरविले की जे कायदे त्या वेळी अंमलात होते ते बदलले किंवा रद्द केले जाईपर्यंत चालू राहतील. हा शहाणपणाचाच मार्ग होता. एका रात्रीत सगळे कायदे पुसून टाकले असते तर विवाह, वारसा, देवस्थान, कोमुनिदाद अशा सर्वच बाबतींत गोंधळ माजला असता. परंतु याच तरतुदीमुळे १९०६ चा हुकूमही जिवंत राहिला.

तिकडे उर्वरित भारतात १९५७ चा खाणी व खनिजे (नियमन व विकास) कायदा आणि १९६० ची खनिज सवलत नियमावली लागू होती. या कायद्याची दृष्टी अगदी निराळी. त्याच्या मते खाण हा मुदतीचा भाडेपट्टा. तो ठराविक वर्षांसाठी मिळतो, त्याचे नूतनीकरण मागावे लागते, काढलेल्या मालावर स्वामित्वधन द्यावे लागते आणि माल काढला नाही तरी जागेचे भाडे भरावे लागते. हा कायदा १ ऑक्टोबर १९६३ पासून गोमंतकाला लागू झाला.

आता प्रश्न असा उभा राहिला की पोर्तुगीज काळातील सनद ही या नव्या कायद्यातील ‘भाडेपट्टा’ आहे काय? सरकारचे म्हणणे, आहे. सनदधारकांचे म्हणणे, नाही. आमची सनद अमर्याद आहे व ती आमच्या मालकीची आहे. १० मार्च १९७५ रोजी केंद्र सरकारच्या खाणपट्टा नियंत्रकाने अधिसूचना काढून सनदा या भाडेपट्ट्याच समजल्या जातील व त्यानुसार सनदधारकांनी माहिती द्यावी असे फर्मावले. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले. सप्टेंबर १९८३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने सनदधारकांच्या बाजूने निर्णय दिला. पोर्तुगीज सनद आणि भारतीय कायद्यातील भाडेपट्टा या दोन भिन्न वस्तू आहेत. एकीला दुसरीचे नाव दिल्याने ती दुसरी होत नाही, असा त्या निर्णयाचा इत्यर्थ होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. न्यायालयाने खाणमालकांवर मेहेरबानी केली असे म्हणणे योग्य होणार नाही. नोंद जशी होती तशी न्यायालयाने वाचली. नोंदीचे स्वरूप पालटावयाचे असेल तर ते अधिसूचनेने नव्हे, कायद्यानेच पालटावे लागते, हा त्यातील धडा.

१९८७ चा कायदा

तो कायदा करण्यास संसदेला आणखी जवळजवळ चार वर्षे लागली. ‘गोवा, दमण व दीव खाणसनदा (रद्द करणे व खाणपट्टे म्हणून घोषित करणे) अधिनियम, १९८७’ या लांबलचक नावाच्या कायद्याला २३ मे १९८७ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. अवघ्या एका आठवड्याने, ३० मे १९८७ रोजी, गोवा हे घटक राज्य झाले. या कायद्याने अनुसूचीत नमूद केलेल्या सर्व सनदा रद्द केल्या आणि त्या क्षणापासून त्याच जागांवर त्याच धारकांचे खाणपट्टे अस्तित्वात आले असे मानले. शिवाय हा बदल २० डिसेंबर १९६१ पासूनच झाला असे कायद्याने ठरविले. म्हणजे पंचवीस वर्षे मागे जाऊन इतिहासाची नोंद दुरुस्त केली.

या मागे जाण्याला खाणमालकांनी आव्हान दिले. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. मात्र मागील काळापासूनचा बोजा सनदधारकांवर टाकणे मान्य केले नाही. तो वाद तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. वाद प्रलंबित राहिला तरी एक गोष्ट निश्चित झाली : गोमंतकातील अमर्याद सनदेचा काळ संपला व मुदतीच्या पट्ट्याचा काळ सुरू झाला. या मानीव पट्ट्यांची मुदत संमतीच्या दिवसापासून सहा महिन्यांनी, म्हणजे २२ नोव्हेंबर १९८७ रोजी संपत होती. त्यानंतर नूतनीकरण, आणि ते जास्तीत जास्त वीस वर्षांचे. म्हणजे २२ नोव्हेंबर २००७ पर्यंत.

सुधारणा म्हणून पाहिले तर १९८७ चा कायदा मोठा होता. त्याने राष्ट्राच्या संपत्तीवरील कायमचा खाजगी हक्क काढून घेतला. परंतु त्यात एक उणीव राहून गेली. त्याने नाव बदलले, मुदत बदलली. हद्द मात्र बदलली नाही. १९५२ किंवा १९५५ साली ज्या रेषा आखल्या गेल्या होत्या, त्याच रेषा नव्या पट्ट्याच्या रेषा झाल्या. त्या रेषांच्या आत मधल्या काळात किती घरे उभी राहिली, कोणते देऊळ होते, कुठल्या झरीचे पाणी कुठल्या शेताला जात होते, हे नव्याने पाहून लिहिण्याची संधी तेव्हा होती. ती घेतली गेली नाही.

पाच वर्षांची पोकळी

२००७ साल उजाडले तेव्हा खनिजाचा बाजार कधी नव्हे इतका तेजीत होता. चीनची मागणी अफाट वाढली होती व पूर्वी टाकाऊ म्हणून बाजूला लोटलेला मालही विकला जाऊ लागला होता. २०१०-११ या वर्षी गोमंतकातून ५ कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात झाले. गावांतील रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लागल्या, शेतांत गाळ उतरला, विहिरी आटल्याच्या तक्रारी गावोगाव होऊ लागल्या.

आणि याच काळात, कागदावर पाहिले असता, पट्ट्यांची मुदत संपलेली होती. दुसऱ्या नूतनीकरणाचे अर्ज दाखल झाले होते. परंतु नूतनीकरणाचा आदेश, करारनामा, मुद्रांक, नोंदणी यांपैकी काहीही पूर्ण झालेले नव्हते. अर्ज प्रलंबित असेपर्यंत पट्टा आपोआप वाढला असे समजावयाचे, या नियमाच्या आधारावर खोदाई चालली होती.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एम. बी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने गोव्याविषयीचा अहवाल मार्च २०१२ मध्ये सादर केला व तो ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेपुढे ठेवला गेला. बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५,००० कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज त्यात होता. पट्ट्याच्या हद्दीबाहेर झालेल्या अतिक्रमणांचाही त्यात उल्लेख होता. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खोदाई व वाहतूक थांबविली.

२१ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय हा या इतिहासातील मैलाचा दगड आहे. मानीव पट्टे २२ नोव्हेंबर १९८७ रोजी संपले; त्यांच्या पहिल्या नूतनीकरणाची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली; दुसऱ्या नूतनीकरणास आपोआप वाढीचा नियम लागू होत नाही; सबब त्यानंतरची सर्व खोदाई बेकायदा, असे न्यायालयाने सांगितले. वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत पट्टे देऊ नयेत आणि पट्ट्याबाहेर माती टाकू नये असे बजावले. विकलेल्या खनिजाच्या रकमेतील १० टक्के भाग पुढील पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवावा असेही ठरविले. देवस्थानाचा कायमनिधी मोडावयाचा नसतो, त्याच्या व्याजावर उत्सव चालवावयाचा असतो, हा आपल्या पूर्वजांचा नियम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या शेवटच्या कलमाचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

यानंतर राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण केले. दरम्यान जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने वटहुकूम काढून व मागाहून कायदा दुरुस्त करून देशभर खाणपट्टे लिलावानेच देण्याची पद्धत आणली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही ८८ नूतनीकरणे रद्द ठरविली आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा बंद झाल्या. या बंदीची झळ केवळ मालकांना बसली नाही. कर्ज काढून ट्रक घेतलेला तरुण, बार्जीवरचा तांडेल, यंत्रदुरुस्ती करणारा मेस्त, खाणीच्या कामगारांना जेवण पुरविणारी खानावळ, या सर्वांच्या चुली मंदावल्या. नोंदीतील ढिलाईची किंमत अखेर नोंदीशी काहीही संबंध नसलेल्यांनी मोजली, हे या प्रकरणातील खरे दुःख होय.

लिलाव आणि जुन्या रेषा

डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यात लोहखनिजाच्या चार गटांचा पहिला लिलाव पार पडला. ते गट असे : डिचोली, शिरगाव-मये, मोंते द शिरगाव आणि काले. पुढील वर्षी आणखी काही गटांचे लिलाव झाले. पट्टा आता पन्नास वर्षांचा. तो संपला की पुन्हा लिलाव. कायमच्या हक्काची कल्पना इतिहासजमा झाली. जुन्या व नव्या पद्धतींची तुलना केल्यास नवी पद्धत सरकारी तिजोरीच्या दृष्टीने निःसंशय हिताची आहे. देशपातळीवर नोंदणीच्या अन्य सुधारणाही झाल्या. २०११ पासून खाणचालक, व्यापारी, साठवणूक करणारे व निर्यात करणारे या सर्वांना नागपूर येथील भारतीय खाण ब्यूरोकडे नोंदणी करणे आवश्यक झाले. २०१६ पासून उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पट्ट्याबाहेरील खोदाई शोधण्याची व्यवस्था सुरू झाली.

परंतु वरील चार नावांकडे पुन्हा एकदा पाहावे. ‘मोंते द शिरगाव’ म्हणजे शिरगावचा डोंगर. पोर्तुगीज गेल्यावर साठ वर्षांनी झालेल्या लिलावातही डोंगराचे नाव पोर्तुगीजच आहे. आणि शिरगाव, मुळगाव, मये ही गावे आपणा सर्वांना कशासाठी ठाऊक आहेत? शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई आणि मयेची महामाया या लोकपरंपरेने सख्ख्या बहिणी मानलेल्या देवी. लईराईच्या जत्रेत व्रतस्थ धोंड होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालत जातात, तो सोहळा पाहण्यास दूरदूरहून लोक येतात. व्रताच्या दिवसांत धोंडांना तळ्याचे व झरीचे पाणी लागते. स्नान आणि सोवळे या गोष्टी पाण्यावाचून होत नाहीत. त्या बहिणींच्या गावांच्या भोवती आज खनिज गटांच्या रेषा आहेत. घरे, देवळे, तळी व शेते गटाच्या हद्दीतून वगळावीत, अशी मागणी मुळगावच्या ग्रामस्थांनी केली, ती याच कारणासाठी.

मये गावाचे उदाहरण आणखी एका दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील जमीन एका पोर्तुगीज सरदार घराण्याच्या नावे नोंदलेली होती. मुक्तीनंतर तो धनी निघून गेला आणि १९६४ च्या निर्वासित मालमत्ता कायद्याखाली ती जमीन सरकारी रक्षकाच्या ताब्यात गेली. पिढ्यानपिढ्या तेथे राहणाऱ्या व कसणाऱ्या लोकांना आपल्याच घराच्या मालकीसाठी पन्नास वर्षे झगडावे लागले; २०१४ मध्ये त्यासाठी राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. वहिवाट खरी असली तरी नोंद दुसऱ्याच्या नावे असेल तर काय होते, याचे याहून बोलके उदाहरण गोमंतकात दुसरे नसेल.

तीन दप्तरांचा मेळ

येथवरचा इतिहास पाहिल्यावर सुधारणेचा खरा प्रश्न कोणता, हे सांगणे सोपे होते. सनदेचा पट्टा झाला, पट्ट्याचा लिलाव झाला. परंतु जमिनीची तीन दप्तरे अजून परस्परांकडे पाठ करून उभी आहेत. पहिले, कोन्सेर्व्हातोरीतील जुने वर्णन व नोंद. त्यात चतुःसीमा शब्दांनी सांगितलेल्या असतात : पूर्वेस ओहळ, पश्चिमेस अमुक देवस्थानाचे भाट, उत्तरेस डोंगराची धार. दुसरे, १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतर झालेल्या मोजणीचे. त्यात सर्व्हे क्रमांक, नकाशा आणि आपण ज्याला ‘एक-चौदाचा उतारा’ म्हणतो तो. तिसरे, खाणखात्याचे, त्यात टी. सी. क्रमांक अथवा गटाचे नाव आणि खनिज क्षेत्राची हद्द. एकच डोंगर या तीन दप्तरांत तीन नावांनी व तीन आकारांनी नांदतो.

देवस्थानांच्या दृष्टीने चौथे दप्तरही आहे. ३० मार्च १९३३ च्या ६४५ क्रमांकाच्या दिप्लोमाने मंजूर झालेल्या देवस्थान नियमावलीखाली आपल्या मजनींचा कारभार चालतो. मामलेदार हा त्या कायद्याने देवस्थानांचा प्रशासक. महाजनांचा कातालोग, श्रींच्या स्थावर-जंगमाची यादी, अंदाजपत्रक व हिशेब ही सर्व त्या व्यवस्थेची अंगे आहेत. पुष्कळ देवस्थानांत सोन्याचांदीच्या अलंकारांची यादी दरवर्षी ताडून पाहिली जाते. जमिनीची यादी मात्र कपाटातून क्वचितच बाहेर निघते. अलंकार चोरीला गेले तर दुसऱ्या दिवशी समजते. जमीन हातची गेली तर कित्येकदा एक पिढी लोटल्यावर समजते.

कायद्याने देवस्थानांना संरक्षण दिलेलेच नाही असे मात्र नव्हे. १९६० च्या खनिज सवलत नियमावलीला खाणपट्ट्याच्या कराराचा जो नमुना जोडलेला होता, त्यात एक अट स्पष्ट होती : स्मशानभूमी, दफनभूमी, कोणत्याही समाजाने पवित्र मानलेले स्थान, घर, गावठाण अथवा सार्वजनिक रस्ता यांवर पट्टेदाराने बांधकाम किंवा पृष्ठभागावरील खाणकाम करू नये. पवित्र मानलेले स्थान! हे शब्द केवळ देवळाच्या चार भिंतींपुरते नाहीत. देवराई, राखणदाराची घुमटी, श्रींच्या अवभृथस्नानाचे तळे, पालखी विसावते तो मांड, ही सर्व स्थाने समाजाने पवित्रच मानलेली आहेत. परंतु नकाशात न दाखविलेले पवित्र स्थान अधिकाऱ्याच्या दृष्टीने मोकळी जागा असते. भक्ताला ते दिसते, मोजणीदाराला ते दाखवावे लागते. देवळाचा कळस दुरून दिसतो. झरीला कळस नसतो.

महाजनांनी काय करावे

केवळ इतिहास सांगून हा लेख संपविणे योग्य वाटत नाही. म्हणून दीर्घकाळ दप्तरात काढलेल्या माणसाच्या अनुभवातून चार सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली सूचना अशी की प्रत्येक मजनीने श्रींच्या प्रत्येक जमिनीची एक जोडयादी तयार करावी. एका ओळीत कोन्सेर्व्हातोरीतील वर्णनाचा क्रमांक, मात्रीजीचा क्रमांक, सध्याचा सर्व्हे क्रमांक व एक-चौदा उताऱ्यावर कब्जेदार म्हणून कुणाचे नाव आहे, हे लिहावे. जेथे रकाना रिकामा राहील तेथेच आपले दुर्बळ स्थान आहे असे समजावे.

दुसरी, ज्या देवस्थानांच्या जमिनी खाणपट्ट्यात मोडतात त्यांनी जुन्या सनदांचे व नव्या गटांचे नकाशे खाणखात्याकडून रीतसर मागवून आपल्या सर्व्हे नकाशांशी ताडून पाहावेत. जमीन गटाच्या हद्दीत येत असल्यास पृष्ठभागाचा धनी म्हणून देवस्थानाचा हक्क व भरपाईचा अधिकार लेखी स्वरूपात वेळेवर मांडावा. पर्यावरणविषयक जनसुनावणीत तोंडी बोलणे ठीक. पण सही-शिक्क्याचे निवेदन टिकते.

तिसरी, पवित्र स्थानांची यादी करावी. तळी, झरी, देवराया, घुमट्या, पालखीचे मार्ग यांची नावे, त्यांचे सर्व्हे क्रमांक आणि गावातील वृद्धांकडून मिळालेली माहिती लिहून काढावी व ठरावाने मजनीच्या दप्तरात दाखल करावी. आज जे वृद्ध ती ठिकाणे बोट दाखवून सांगू शकतात, ते उद्या असणार नाहीत.

चौथी, पोर्तुगीज भाषेतील कागदपत्रांचे मराठीत भाषांतर करून ठेवावे. ती भाषा वाचणारी माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. न वाचता येणारा दस्तऐवज हा वाळवीचे खाद्य होय. आपल्याकडे त्याच्याच जोरावर न्यायालयात उभे राहता येईल, हे आपल्याला ठाऊकसुद्धा नसते.

खाण असावी की नसावी, हा प्रश्न या लेखाचा नाही. ज्या घरांची उपजीविका खाणीवर चालते तीही महाजनांची घरे आहेत आणि ज्यांची शेते गाळाने भरली तीही महाजनांचीच आहेत. एकाच सभामंडपात दोघेही हात जोडून उभे राहतात. दोघांनाही न्याय मिळावयाचा असेल तर आधी नोंद खरी असली पाहिजे. १९०६ च्या हुकुमात खनिजाचा धनी लिहिला गेला, पण डोंगराखालच्या गावाला त्या वहीत जागा नव्हती. १९८७ मध्ये मुदत लिहिली गेली, गाव पुन्हा राहिले. आता लिलावाच्या काळात किंमत लिहिली जात आहे. या वेळी तरी गावाचे पाणी, गावाचे देऊळ आणि गावाची वाट यांना त्या वहीत ओळ मिळाली पाहिजे. ती ओळ लिहावी म्हणून सरकारकडे आग्रह धरणे हे आपले काम आहे. पण त्यासाठी लागणारा मजकूर आपल्याच कपाटात आहे, तो प्रथम आपण काढून वाचला पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी परचक्राच्या काळात श्रींची मूर्ती वाचविली. त्यांच्या वंशजांना निदान श्रींची वही वाचविण्याइतकी बुद्धी व चिकाटी लाभो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.